वर्दळीचा धनी

पुण्याच्या लक्ष्मी रोडला उशिरा उठायची सवय आहे. शेजारच्या मंडईत भाजीचे ढीग लागून पहिली गिऱ्हाइकं पिशव्या भरून घरी गेलेली असतात, शाळेच्या मुली वर्गात जाऊन बसलेल्या असतात, तरी हा आपला शटरं ओढून पडलेला. दहाच्या सुमारास एकेक कुलूप निघतं. नोकर पायरीवर पाणी मारतो, मालक गल्ल्याला हात लावून तो कपाळाला लावतो, तसबिरीवरचा कालचा हार उतरून आजचा चढतो. या सगळ्यांच्या आधी येऊन बसलेला असतो तो पथारीवाला. त्याला शटर नाही, पाटी नाही. मागच्या दुकानदाराशी नजरेनंच राम राम करून तो रुमाल, मोजे, पावसाळा असेल तर छत्र्या मांडतो. मग कुठेतरी भवानी होते. त्या दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून दुकानदार पाच-दहा रुपये सोडतो. तिथून रात्री नवापर्यंत या रस्त्याला श्वास घ्यायला फुरसत नसते.

क्वार्टर गेटापासून अलका टॉकीजच्या चौकापर्यंत तो पसरला आहे. जोमानं चालणाऱ्यालाही अर्धा-पाऊण तास लागावा, आणि तेही कुठल्या दुकानाशी थांबलं नाही तर. एवढ्या अंतरात त्याचा स्वभाव तीन-चारदा बदलतो. पूर्वेला नाना पेठेत तो कामकरी आहे. तिथे गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं, ऑइलचा वास, हातगाड्यांची ओढाताण. जुना भुसार बाजार याच अंगाला होता; तो मार्केट यार्डात गेला, पण माल उचलणाऱ्या माणसांची ऊठबस अजून इकडे आहे. गणेश पेठ, रविवार पेठ मागे टाकत सोन्या मारुती चौकाशी आलं, की आवाज खाली येतो. इथे सराफी पेढ्या आहेत आणि सोन्याचे व्यवहार हळू आवाजातच होतात. बेलबाग चौकात शिवाजी रस्ता आडवा येतो. नाना फडणवीसांनी बांधलेलं बेलबागेचं देऊळ, पलीकडे तुळशीबाग, मंडई, आणि सगळ्यांतून उसळत येणारी गर्दी. त्यापुढे कापडाचा पट्टा सुरू होतो. साड्या, शालू, खण, ड्रेस मटेरियल, पुन्हा साड्या. विजय टॉकीज ओलांडून अलका चौकाकडे येईतो तो जरा सैल होतो, आणि मग समोर लकडी पूल आणि नदी.

या रस्त्यावर दोन संस्था आहेत. त्यांच्याकडे पाहिल्याशिवाय त्याचा स्वभाव पुरता कळत नाही. एक हुजूरपागा. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर, वामनराव मोडक यांच्या पुढाकारानं १८८४ साली सुरू झालेली मुलींची शाळा. दुसरी सेवासदन, रमाबाई रानड्यांनी १९०९ साली उभी केलेली. शिक्षिका, परिचारिका होऊन स्वतःच्या पायावर उभ्या राहणाऱ्या बायका तिनं घडवल्या. शाळेत जाणारी मुलगी हा जेव्हा चेष्टेचा विषय होता, तेव्हापासून या रस्त्यानं पाटीपुस्तक घेतलेल्या मुली रोज पाहिल्या. पुढे त्यांच्या लेकी-सुना इथे खरेदीला आल्या, त्यांतल्या काही गल्ल्यावर बसल्या. आजही संध्याकाळी इथे बायकांची संख्या नजरेत भरते. एकट्या, मैत्रिणींबरोबर, सासूला घेऊन, लेकीला घेऊन त्या बिनधास्त चालतात, दहा दुकानं पाहतात आणि अकराव्यात घेतात. बायकांना अशी मोकळी, निर्धास्त वर्दळ देणारे रस्ते आपल्या शहरांत फार नाहीत. लक्ष्मी रोडचा हा मोठेपणा त्याच्या कुठल्याही दुकानाच्या उलाढालीपेक्षा मला मोठा वाटतो.

त्याचा धंदा कसा चालतो हे बघायचं असेल तर लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या एखाद्या घरामागून चालावं. आठ-दहा माणसं असतात. मोठ्या दुकानात गादीवर बैठक मारतात. विक्रेता ठाणामागून ठाण, साडीमागून साडी उलगडत जातो. "काकू, पदर बघा. रंग पक्का आहे, धुवून आणा आणि मग बोला." दोन तासांत समोर साड्यांचा डोंगर होतो आणि त्यातून दहा-बारा साड्या बाजूला निघतात. इथे मोठ्या दुकानाचं काम संपलं. आता त्या साड्या घेऊन बायका मॅचिंगच्या दुकानात शिरतात. हे दुकान कधीकधी इतकं अरुंद, की दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं मागं सरावं. भिंतीवर टू बाय टूचे, रुबियाचे तागे रंगाच्या उतरंडीनं लावलेले. एकाच हिरव्याच्या पंधरा छटा. दुकानदार साडीचा काठ हातात घेतो, दारापर्यंत येतो आणि म्हणतो, "वहिनी, इकडे उजेडात या. ट्यूबलाइटखाली रंग फसवतो." कापडाचा तुकडा काठाला लावून तो एका नजरेत छटा ठरवतो. ती नजर त्यानं बापाशेजारी उभं राहून कमावलेली असते.

तिथून साड्या फॉल-पिकोला. त्याची जागा जिन्याखाली, एका शिलाई मशीनपुरती. "संध्याकाळी सहाला न्या." कुणाला पदराला गोंडे हवे असतात, ते बांधणारी बाई पलीकडच्या बोळात. मग सराफाकडे मंगळसूत्र. आजीच्या जुन्या पाटल्या मोडीत द्यायच्या, त्यांचं वजन, तुटीचा हिशेब, नव्या दागिन्याची घडणावळ. मग तुळशीबागेत रुखवताची, तांब्या-पितळेची भांडी, मुंडावळ्या, बांगड्या. पत्रिका छापायला जवळच. मधे दमल्यावर कुठेतरी उसाचा रस, कुठे मिसळ, कुठे भेळ. सायंकाळी हे कुटुंब रिक्षात बसतं तेव्हा त्यांचे पैसे वीस-पंचवीस गल्ल्यांत वाटले गेलेले असतात. साडीच्या मोठ्या दुकानाला फॉलवाल्याची गरज आहे, फॉलवाल्याला त्या दुकानाची. भेळवाल्याला दोघांची. एकाच मालाची चाळीस दुकानं एका ओळीत कशी जगतात, असा प्रश्न बाहेरच्याला पडतो. ती एकत्र आहेत म्हणूनच जगतात. एका दुकानासाठी कोथरूडहून, हडपसरहून, थेट बारामतीहून कुणी येत नाही. चाळीस दुकानं पालथी घालायला मिळणार म्हणून येतं. इथे शेजारचा प्रतिस्पर्धीही आपल्या दारात गिऱ्हाईक आणून सोडतो. लक्ष्मी रोडची पुंजी म्हणजे ही वर्दळ, आणि तिचा धनी तो स्वतः आहे. दुकानदार तिच्या व्याजावर जगतात.

आज ज्यांना आपण अस्सल पुणेरी म्हणतो, त्यांतलेही कितीतरी एके काळी इथे नवखे होते. गाडगीळांची सराफी पेढी १८३२ साली सांगलीत सुरू झाली. लक्ष्मी रोडवर ती आली १९५८ साली. चितळ्यांचा दुधाचा धंदा १९३९ पासून भिलवडीचा. ते पुण्यात १९५० साली आले, आणि त्यांचं बाजीराव रस्त्यावरचं दुकान इथून चार पावलांवर. सांगलीकडची ही दोन घराणी आज पुण्याच्या ओळखीचा भाग झाली आहेत. कापडाच्या आणि किराण्याच्या व्यापारात राजस्थानातून, गुजरातेतून आलेली कुटुंबं आहेत, फाळणीनंतर सिंधमधून आलेली आहेत. त्यांची तिसरी पिढी गल्ल्यावर बसून अस्खलित पेठी मराठी बोलते, आणि गणपतीत मंडळाच्या वर्गणीची पावती फाडते. या रस्त्यानं कुणाला तू कुठला म्हणून विचारलं नाही. तुझा माल कसा आणि शब्द कसा, एवढंच त्यानं पाहिलं.

दुकान जुनं होतं ते या शब्दामुळे. सोन्याला २०२१ पासून टप्प्याटप्प्यानं हॉलमार्क सक्तीचा झाला. त्याच्या कितीतरी आधी सराफाचं नाव हाच शिक्का होता. आजीनं घेतलेली बांगडी नातीनं मोडीला आणली आणि सराफानं वजन व कस न कुरकुरता मान्य केला, की त्या घराच्या चौथ्या पिढीचंही मंगळसूत्र तिथूनच येणार. साडीवाल्याला घरातल्या बायकांची आवड ठाऊक असते. थोरलीला गडद रंग, धाकटीला काठ बारीक. उधारीची वही आता फारशी राहिली नाही, तरी "पैसे नंतर द्या, आधी साडी घरी दाखवून या" हे वाक्य अजून ऐकू येतं. असा भरवसा जाहिरातीनं मिळत नाही. त्याला वर्षं द्यावी लागतात, आणि ज्या रस्त्यावर तीच माणसं पुन्हा पुन्हा येतात तिथेच तो साठतो.

ही वर्षं मिळायला आणखी एका गोष्टीची मदत झाली, ती म्हणजे भाड्याची. या पेठा वाड्यांच्या. वाड्याच्या दर्शनी भागात दुकानं, मागे नि वर बिऱ्हाडं. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्यानं भाडी गोठली. पुढे १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानं पागडीच्या व्यवहाराला मान्यता दिली. घड्याळदुरुस्ती करणारा, रफू करणारा, छत्रीच्या काड्या बदलून देणारा माणूस शहराच्या ऐन मध्यावर पन्नास-पन्नास वर्षं टिकला, तो या कमी भाड्याच्या आधारानं. त्याची किंमत वाड्यांनी मोजली. तेवढ्या भाड्यात मालकाला कौलं फिरवणं परवडेना, तुळया वाकल्या, भिंती फुगल्या. मग वाडा बिल्डरकडे जातो. त्याच्या जागी इमारत उठते. जुन्या दुकानदाराला नव्या इमारतीत गाळा मिळतो, पण कधी तो मागच्या अंगाला, कधी पहिल्या मजल्यावर. रस्त्याला तोंड असलेलं दुकान आणि जिना चढून जायचं दुकान यांत जमीन-अस्मानाचा फरक. जिन्याखाली बसणाऱ्या फॉलवाल्याला तर नव्या नकाशात जागाच नसते, कारण त्याचा करार कुठल्या कागदावर नव्हता. बस्त्याच्या साखळीतली ही सर्वांत लहान कडी सर्वांत आधी निखळते, आणि तिची नोंद कुठेच होत नाही.

नवी दुकानं मात्र रोज येतात. त्यांत मोबाइलची कव्हरं विकणारी आहेत, मोमो आणि कॉफीची आहेत, मोठ्या ब्रँडांच्या शाखा आहेत. यांतली काही वर्षभरात पाटी उतरवून जातात. पण मला कौतुक वाटतं ते इथल्या मातीतून उगवलेल्या नव्या धंद्यांचं. शिवलेली नऊवारी हा त्यांतला एक. नेसायला वेळ नाही, नेसवायला घरात आजी नाही. पण ढोल-ताशाच्या पथकात उभं राहायचं आहे, दुचाकीवरून पाडव्याच्या शोभायात्रेला जायचं आहे, अशा मुलींसाठी कुणीतरी ओच्या-कासोट्यासह नऊवारी शिवून द्यायला लागलं. बघता बघता तो एक स्वतंत्र व्यवसाय झाला. लग्नासाठी पेशवाई पोशाख भाड्यानं देणारे आले. पथकांचे कुर्ते छापणारे, तयार फेटे विकणारे आले. मोत्याची नथ, ठुशी, बुगडी, वज्रटीक यांचे नकली पण देखणे नमुने घडवून विकणाऱ्या बायका आल्या. त्यांतल्या काहींनी घरातल्या खोलीतून सुरुवात केली आणि मग धीर करून गाळा घेतला. जुन्या रस्त्याच्या गरजा ओळखून त्यांनी नवा माल बनवला, म्हणून रस्त्यानं त्यांना जवळ केलं.

आणि तो त्यांना आपल्या वळणावर नेतो. काउंटरवर क्यूआर कोडची पाटी असते, साउंडबॉक्स पैसे मिळाल्याचं मोठ्यानं सांगतो, तरी भवानीचं गिऱ्हाईक नवा दुकानदारही सोडत नाही. लक्ष्मीपूजनाला लॅपटॉपला हळद-कुंकू लागतं आणि शेजारी कोरी वही ठेवलेली असते, तिच्या पहिल्या पानावर श्री. शेजारच्या म्हाताऱ्या मालकाला तरुण मुलगा यूपीआय शिकवतो. म्हातारा त्याला सांगतो, की माल परत आला तर तोंड वाकडं करू नकोस, तो माणूस उद्या चार जणांना घेऊन येईल. एकाला नवं तंत्र मिळतं, दुसऱ्याला धंद्याची रीत. असं शिक्षण देणारी शाळा दुसरीकडे कुठे नाही.

या रस्त्यानं संकटंही पाहिली. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, लकडी पुलावरून पाणी गेलं, आणि अलकाच्या बाजूचं त्याचं टोक पुरात बुडालं. नदीकाठच्या पेठांतल्या घरा-दुकानांत गाळ भरला. तो उपसून माणसं पुन्हा उभी राहिली. २०२० च्या मार्चअखेरीस टाळेबंदी आली आणि दिवाळीच्या रात्रीही पुरता न झोपणारा रस्ता आठवड्यांमागून आठवडे निपचित पडला. जूनमध्ये दुकानं उघडायची परवानगी मिळाली ती सम-विषमची: आज या बाजूची, उद्या समोरच्या बाजूची. गाड्या लावायच्या पी-वन, पी-टूच्या पाट्या पुणेकरांच्या ओळखीच्या होत्या. तोच नियम आता दुकानांना लागला. उघड्या बाजूला माल होता, पण गिऱ्हाईक अर्धंच काम करून परत जाई, कारण मॅचिंगवाला समोरच्या बाजूचा. रस्त्याच्या दोन्ही बाजू मिळून एक दुकान आहे, हे तेव्हा सगळ्यांना लख्ख दिसलं.

वर्षातून दोनदा तो व्यापार बाजूला ठेवतो. ज्येष्ठात ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या अलका चौकातून आत येतात आणि पूर्वेला नाना पेठ, भवानी पेठेकडे मुक्कामाला जातात. दुकानदार पायऱ्यांवर चहा, राजगिऱ्याचे लाडू, केळी घेऊन उभे असतात. कुणी वारकऱ्यांच्या चपला शिवून देतं. अनंत चतुर्दशीला मिरवणूक उलट्या दिशेनं येते, बेलबाग चौकातून पश्चिमेला अलकाकडे. कसबा गणपती, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा हे पाच मानाचे, आणि त्यांच्यामागे चोवीस तासांहून अधिक चालणारी रांग. एका महिन्यात विठ्ठलाकडे निघालेली माणसं त्याच्यावरून पूर्वेला जातात, दुसऱ्यात गणपतीला निरोप देणारी पश्चिमेला. ज्या पायऱ्यांवर एरवी गिऱ्हाइकं चढतात, त्यांवर त्या दिवशी कुणीही बसावं, कुणी हटकत नाही.

या दोन्ही दिवशी एक गोष्ट सारखी असते. गाड्या नसतात, आणि माणसं रस्त्याच्या मधोमध चालतात. एरवी लक्ष्मी रोडचं दुखणं नेमकं हेच आहे. पदपथ अरुंद, त्यावर पायऱ्या आणि सामान, कडेनं दुचाकींची भिंत, मधून बस, रिक्षा, मोटारी. हातात मूल आणि खांद्यावर पिशव्या घेतलेल्या बाईला चालायला हातभर जागा मिळत नाही. पार्किंग नसेल तर गिऱ्हाईक येणार नाही, अशी व्यापाऱ्यांची धास्ती असते, आणि ती समजण्यासारखी आहे. मॉलमध्ये गाडी लावायला जागा आहे, ऑनलाइन तर घराबाहेरही पडायला नको. पण गाडीतून जाणारा माणूस दुकानाच्या काचेत डोकावत नाही. इथली खरेदी डोकावण्यातून होते: एक घ्यायला यायचं आणि चार घेऊन जायचं. ११ डिसेंबर २०२१ ला महापालिकेनं पादचारी दिन म्हणून रस्त्याचा काही भाग दिवसभर गाड्यांना बंद केला. लोक मोकळेपणी हिंडले, लहान मुलं रस्त्यात खेळली. तेव्हापासून दरवर्षी त्या तारखेला हे घडतं. २९ सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रोही स्वारगेटपर्यंत धावू लागली, आणि मंडईचं स्थानक इथून हाकेच्या अंतरावर आलं. म्हणजे गाडी न आणता इथे येण्याची सोय शहरानं करून दिली आहे. आता पायी उतरलेल्या माणसाला पुढे चालायला जागा देणं तेवढं उरलं आहे. रुंद पदपथ, बसायला बाक, बायकांसाठी स्वच्छतागृहं, पथारीवाल्यांना ठरलेली जागा, आणि नव्या इमारतींत जिन्याखालच्या कारागिराला एक लहानसा गाळा. वर्षातून एका दिवसाला जे जमतं, ते रोज जमवायला हवं.

जुनी दुकानं जपा, असं आपण म्हणतो तेव्हा बहुधा जुन्या पाट्या डोळ्यांसमोर असतात. पाट्या आपोआप जपल्या जातील, वर्दळ जपली तर. १९५८ साली सांगलीहून आलेली पेढीही पुण्याला आधी नवखीच वाटली असणार. तिला रोज दारावरून जाणारी माणसं मिळाली, आणि त्या माणसांच्या नातवंडांपर्यंत पोचायला वेळ मिळाला. आज एखादी मुलगी कर्ज काढून इथे शिवलेल्या नऊवारीचं दुकान थाटते आहे. तिच्या दुकानालाही साठ वर्षं व्हावीत असं वाटत असेल, तर तिच्या दारावरून पायी जाणारी माणसं तिला मिळाली पाहिजेत. ती मिळवून देणं हे पुण्याचं काम आहे, आणि पिशवी घेऊन चालत निघणं हे आपलं.